अर्जल

सरकारी कागदावर माझं पद: व्रणोपचारक.
दोंडाईचा रस्त्यावर विचाराल तर
पट्टीवाला बापू.
एकोणतीस वर्षं जखमा धुतल्या,
बैलाच्या खांद्याच्या, शेळीच्या कासेच्या,
पण घोड्याच्या पायाची जखम
हिशेबाला कधी सरळ लागली नाही.

जहूर पिंजारीची शेवंती
पौषात, पुलाअलीकडे,
केळीच्या बागेच्या काटेरी तारेत शिरली.
गाभण, आठवा महिना.
मागचा डावा पाय.
नळीवरची कातडी मोजा उतरावा तशी खाली आलेली.
जहूरने आधी चुना लावला, मग हळद,
मग कुणीतरी सांगितलं म्हणून सेलमधली काळी पूड,
आणि सगळे उपाय संपल्यावर
टेम्पोत घालून आमच्या दारात आणली.

वळवी मॅडम म्हणाल्या, टाके धरणार नाहीत.
आतून भरू द्या.

भरली.
फार भरली.
घोड्याच्या पायाला बरं व्हायची घाई असते.
लालबुंद ओलं मांस वर येतं,
फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं,
कडेच्या कातडीहून उंच,
आणि तिलाच पुढे सरकू देत नाही.
मॅडमनी ब्लेड घेतलं, कातडीच्या पातळीला कापलं.
रक्त असं आलं की जहूरने तोंड फिरवलं.
"तिले दुखत नही का?"
शेवंती घास खात उभी.
मॅडम म्हणाल्या, ह्या मांसात रक्त पुष्कळ,
दुखायची सोय नाही.

त्या रात्री जेवताना
मला अशी दोन-चार माणसं आठवली.
एक तर माझ्याच भावकीतलं.

मग दर तिसऱ्या दिवशी
मिठाचं कोमट पाणी, कापूस, गच्च पट्टी.
दोनदा परत मांस माजलं, दोनदा परत कापलं.
कातडी कडेने यायची,
फिकट, गुलाबी, ओल्या कागदासारखी,
दिवसाला केसाच्या जाडीएवढी.
मी काडीपेटीच्या काडीला नखाने खूण करून मोजायचो.
जहूर विचारायचा, किती?
मी काडी दाखवायचो.
तो ती कानावर खोचून घरी न्यायचा.

चैत्रात तीन रात्री आम्ही गोठ्यात बसलो.
कास भरली होती, थानांवर मेण आलं होतं,
पण माणूस बघत असलं की घोडी वीत नाही.
चौथ्या रात्री चहा प्यायला उठलो
आणि तेवढ्यात शिंगरू जमिनीवर.
जहूर शिंगराकडे धावला. मी वारेची वाट बघत बसलो.
गाईची वार उद्या पडली तरी चालते,
घोडीची तीन तासांत पडावी लागते.
पडली, पहाटेच्या आधी.
पोत्यावर पसरली, विजारीसारखी,
दोन्ही पाय टोकापर्यंत शाबूत आहेत का
बॅटरी लावून पाहिलं.
एक तुकडा आत राहिला असता
तर घोडी आठवडाही काढती ना.
मग शिंगराकडे बघितलं.
बदामी. कुठे एक ठिपका नाही.

जखम गणपतीत मिटली.
तिच्यावर केस आले,
पण पांढरे.

मार्गशीर्षात जहूर दोघांना यात्रेत घेऊन आला.
मालेगावकडचा एक व्यापारी,
दात पाहिले, भोवरे पाहिले,
शेपटीखाली हात घातला, खूश दिसला,
मग मागे गेला आणि थांबला.
"एकच पाय पांढरा. अर्जल.
अर्जल घोडी दारात उभी राहिली की घर बसतं."
मी म्हणालो, शेठ, हा जन्माचा पांढरा नाही,
हा माझ्या हातचा आहे,
ह्याची काडीकाडी मोजलीय मी.
तो हसला. निम्मा भाव सांगितला.
जहूर म्हणाला, "माले इकनी नही."
व्यापारी पुढच्या दावणीला गेला.

धुळीत बसून आम्ही चहा घेतला.
शिंगरू तिच्या त्याच पायाला अंग घासत होतं.
बराच वेळ गेला. मग जहूर, कपात बघत,
"बापू, यावर मेहंदी बसस का?"

मी पाय उचलून पाहिला.
बसेल, म्हटलं.
पण केस वाढले की बुडाशी परत पांढरंच दिसेल.