गळ्याचं माप

माझ्या वहीत तो पान एकोणतीसवर आहे.
लिसान्द्रो केइरोला. छाती चौतीस, कंबर सव्वीस,
गळा साडेचौदा.
पुढे पेन्सिलीनं : उधार.

ते त्रेसष्ट साल. ग्वायाकिलच्या धक्क्यावर
केळीचे घड वाहायचा. सदऱ्यावर चिकाचे डाग,
कुठल्याच साबणाला न भिणारे.
शनिवारी रेडिओवर गायचं होतं.
म्हटलं, बाबा रे, रेडिओत कोट दिसत नाही.
"मला दिसेल ना, माएस्त्रो."

एका नोटरीचा कोट पडून होता दुकानात.
शिवायला टाकला आणि न्यायच्या आत वारला बिचारा.
तोच उसवला, ह्याच्यावर बेतला.

शनिवारी कोपऱ्यावरच्या खानावळीत
माशाच्या सारात लिंबू पिळता पिळता
खलाशी थांबले. लिंबू तसंच मुठीत.
बोलेरो होता. एक बाई निघून जाते,
दार कुणी लावत नाही. एवढंच.
पण दुसऱ्या कडव्याआधी त्यानं श्वास घेतला
आणि मला रेडिओतून शिवण करकरल्याचं ऐकू आलं.
छातीत अर्धा इंच कमी पडला होता.
तो अर्धा इंच मी जन्मभर विसरलो नाही.

मग पानं भराभर उलटली.
छाती अडतीस. गळा साडेपंधरा.
लिमा, पनामा, मेक्सिको,
प्रत्येक गुत्त्यात नाणं टाकलं की तोच.
घरी बायकोशी सरळ शब्द न बोलणारे बाप्ये
त्याच्या आवाजात बायकोची माफी मागायचे,
अर्थात बायको तिथे नसताना.
सात पांढरे सूट शिवले मी, आणि एक निळा, चंदेरी जरीचा,
त्याची मला अजून लाज वाटते.

शेवटच्या ओळीला तो उजवा हात
कोटाच्या आत डाव्या बाजूला न्यायचा.
बायका रडायच्या. वर्तमानपत्रं लिहायची : काळीज.
तिथे मी शिवलेला चोरखिसा होता.
खिशात लवंगा.

चौऱ्याऐंशीत कंबरेनं छातीला मागं टाकलं.
बगलेत कळी घातली, पाठीत जोड दिला,
कापड संपत आलं की शिंप्याला आधी कळतं.
रेडिओवर आता पोरांच्या विजेच्या गिटारी.
ह्याला बोलावणी यायची चपलांच्या दुकानाच्या उद्घाटनाची,
श्रीमंतांच्या पोरींच्या पंधराव्या वाढदिवसाची,
जेवण चालू असताना गायची.
पुढे घशाचं ऑपरेशन झालं.
टेप लावली, आकडा मोठ्यानं वाचला नाही.
चौदा.

दोन हजार साली देशाचं चलनच बुडालं.
पंचवीस हजार सुक्रेंना एक डॉलर.
तो वही मागायला आला : "माझं पान काढ."
सदतीस वर्षांची उधारी अकरा लाख.
भागाकार केला दोघांनी मिळून, दोनदा चुकलो.
चव्वेचाळीस डॉलर.
त्यानं मोजून दिले. मी पेन्सिलीवर खोडरबर फिरवला.
दारापर्यंत जाऊन परत आला,
एक डॉलर मागून घेतला. बसला पैसे नव्हते.

आता गुरुवारी येतो. पंख्याखाली बसतो.
आवाज आहे अजून, पण पातळ,
अस्तराचं कापड असतं तसा, वरून दिसू नये असा.
मशीन चालू असलं की गुणगुणतो,
मी पाय काढला की गप्प होतो.

गेल्या आठवड्यात एक पोरगा आला,
शाळेच्या निरोपसमारंभाला कोट हवा म्हणून.
मी टेप छातीभोवती आणली, तसा हा खुर्चीतून म्हणाला,
"श्वास घे रे. पूर्ण घे.
मग माप दे."
पोरानं घेतला. चौतीस, आणि वर अर्धा.
"हे कोण?" त्यानं हळूच विचारलं.
"गिऱ्हाईक," मी म्हटलं, "जुनं,"
आणि खडू शोधू लागलो. कानावरच होता.