शंभराचा अंदाज

डॉक्टरबाईंनी चिठ्ठीच्या मागं चौकोन काढले,
दहा दहाच्या दहा ओळी.
म्हणाल्या, सत्यफुलाबाई, ह्या तुमच्यासारख्या शंभर जणी,
ऑपरेशन झालेल्या.
चौऱ्याऐंशी नुसत्या गोळीवरही बऱ्या राहतात.
बारा जणींना सगळं देऊनही परत येतो.
आणि ह्या चार
(पेनानं त्यांना गोल केला)
ह्या केमोमुळं वाचतात.
तुम्ही कोणता चौकोन, ते मला दिसत नाही.
सोमवारी सांगा.

साकोलीच्या एसटीत
चिठ्ठी पोलक्यात खोचायला गेली,
तर ती उजवीकडून घसरत थेट पोटावर.
तिथं आता अडवायला काही नाही.
मला हसू आलं. शेजारची बाई बघायला लागली.

शंभर म्हंजे किती, हे मला कोणी शिकवू नये.
अकरा वर्षं शाळेच्या पडवीत
शंभरांचा भात मी हातानं मोजते.
पटावर एकशे चार, हजर अठ्ठ्याण्णव,
रोवण्याच्या दिवसांत साठ.
गंजात पाणी किती, सराटा कुठवर बुडतो,
सगळं अंगात बसलेलं.
जेवढं अंग उरलं, तेवढ्यात.

घरी हे म्हणाले, चारच ना?
शंभरात चार म्हंजे काहीच नाही, बाप्पा.
सहा खेपा नागपूरच्या, अन् धान कापणीवर आलेलं.
सासू म्हणाली, कापून टाकलं न आता,
मंग काऊन उकरता?
पोरगी मोबाइलमधून वाचून दाखवत होती,
वाचता वाचता गप्प झाली.
कोणी चुकीचं बोललं नाही.
मलाही आधी उलटीचीच भीती वाटते, मरणाची नंतर.
म्हणतात, फोडणीचा वास सहन होत नाही.
मग मी काय करू,
नाक घरी ठेवून शाळेत जाऊ?

आज शनिवार, सकाळची शाळा.
हात वर जात नाही म्हणून देवांगना ढवळते,
मी स्टुलावर बसून सांगते,
आच कमी कर, खाली लागते.
अंदाज चुकला. तिचा नाही, माझा.
गंज खरवडून झाला अन् पोरं उरली चार.
खरंच चार. तीन असती तर तीन म्हटलं असतं.
दोघं कुंभरे भाऊ, एक चष्मेवाली,
एक ताट टोपीसारखं डोक्यावर धरून.
देवांगना म्हणाली, चारच तं आहेत,
जातील घरी, खातील.

मी काही बोलली नाही.
डाव्या हातानं कोठीतून तांदूळ काढला,
चार मुठी, वर एक.
चूल अजून तापलेलीच होती.
सकाळी मला तरी कुठं दिसलं होतं
रांगेच्या शेवटी कोण उभं राहणार ते.

भात शिजेपर्यंत चष्मेवालीनं
दोनदा विचारलं, झाला का.
कुंभऱ्याचा धाकटा भिंतीला टेकून झोपला.

सोमवारी विचारायचं ते एवढंच:
पहिली बाटली कापणीच्या आधी लावता
का नंतर?
अन् सुई डाव्या हाताला लावा.
उजवा मला परत पाहिजे, ढवळायला.