वाव

विमान तीन दिवस नोनौतीवर घिरट्या घालून गेलं.
त्याच्या पोटातून हिरवा उजेड खाली यायचा,
भर उन्हात कुणाला न दिसणारा,
पाण्याच्या पाठीवर एकदा आणि तळाच्या वाळूवर एकदा
टकटक करून परत जायचा.
दोन टकटकींमधला वेळ म्हणजे खोली.
पोरांनी हात हलवले. डुकरं नीरफणसाखाली दडली.

नकाशा आला तो समुद्राच्या बाजूने सुरेख होता:
प्रवाळाची कड, कडेच्या खाचा,
मग एकदम गर्द निळं, जिथे उजेडाने हात टेकले.
लगूनकडे मात्र गावाच्या लांबीची
कोरी पांढरी पट्टी.
तिथलं पाणी दुधी. उजेड आत शिरला
आणि पिठात सुई पडावी तसा गेला.
बोट पाठवली, तर तिचंच पोट वाळूला लागलं.
तक्त्यात त्या जागी ओळीने
उणे नऊ हजार नऊशे नव्याण्णव,
म्हणजे संगणकाच्या बोलीत, इथे काही नाही.

"तिथे?" नेई बोतिका म्हणाली,
"तिथे तर मी असते."

मग उधाणाच्या दिवसांतली मोठी ओहोटी धरून निघालो.
माझ्या हातात काठी, काठीच्या टोकाला थाळी,
थाळीचं उपग्रहांशी बोलणं चालू.
तिच्या कमरेला शिंपल्यांची टोपली.
मी दर वीस पावलांवर थांबायचो.
ती थांबायची पायाला काही लागलं की.
घोटाभर, पोटरीभर, गुडघ्याच्या वाटीपर्यंत,
आणि एके जागी हात धरून म्हणाली, इथून वळ,
पुढे खड्डा आहे, पूल बांधला त्या वर्षापासूनचा.
वळलो. काठी लांबवून पाहिली.
खड्डा होता.

आमच्या खात्यात दोन शून्यं आहेत.
जमीनवाले आपलं शून्य ठरवतात
चर्चच्या पायरीतल्या पितळी खिळ्यावरून;
दर्यावाले, सगळ्यांत खोल ओहोटीवरून.
शून्यातून शून्य गेलं की
आमच्या गावात सव्वा मीटर उरतं.
तेवढ्यात शिंपले वाढतात, भांडणं होतात,
सायकली धुतात, आणि बायका
संध्याकाळच्या जेवणापुरतं वाकतात.

तिचा नवरा खोली वावांत मोजायचा.
दोरीला दगड, आणि ओली दोरी वर ओढताना
दोन्ही हात पसरून, एक वाव, दोन वाव.
तिने करून दाखवलं, पाण्यात उभी राहून,
कवेत नुसती हवा घेऊन.
टोपली कलंडली. चार शिंपले परत गेले.
"जाऊ देत," म्हणाली, "मोजलेले नव्हते."

गावाचा सगळ्यांत उंच बिंदू निघाला कबरस्तानात,
तीन मीटरला थोडा कमी.
मानेआबात नकाशा पसरला तेव्हा
म्हाताऱ्यांनी तो आकडा दोनदा वाचायला लावला.
कुणी खोकलं. कुणी विचारलं,
आणि शाळा? शाळा दीड.
नेई बोतिका खाली बसून निळ्या रंगावर
बोटाने चालत होती, खड्ड्याला वळसा घालून.

सुवाच्या ऑफिसातून लितियाचा निरोप आला:
ओळ दोनशे बारा संशयास्पद,
अकरा सेंटिमीटर शेजारच्यांशी जुळत नाहीत,
काठी हलली असावी, वगळावी का?

हलली होती. माझा पाय
समुद्रकाकडीवर पडून घसरला,
आणि ती इतकी हसली
की माझ्या काठीलाच टेकली.

लिहिलं, कारण माहीत आहे.
नोंद राहू द्यावी.
पुढच्या मोजणीला कुणी गेलंच
तर त्याला तिथे पाऊल जपून टाकायला
तेवढा वाव असावा.