तात्पुरता बंद

फ्रेशालच्या फाटकापाशी पोचलो तेव्हा
देओलिंदाबाई कोबीला भांड्यांचं पाणी घालत होत्या.
माझं पिवळं जाकीट बघून म्हणाल्या,
"तू चौथा."

पहिला आला तेव्हा त्यांचे केस काळे होते.
त्याला त्यांनी चेस्टनट भाजून दिले होते,
दुसऱ्याला घरची वाइन,
तिसऱ्याला नुसतं पाणी.
मला खुर्ची मिळाली, फाटकवालीची,
एक पाय आखूड.

मी फीत काढली.
"राहू दे, लिहून घे.
पुलापासून बोगद्यापर्यंत चार किलोमीटर, एकशे दहा मीटर.
बोगद्यात डाव्या अंगाला पाणी झिरपायचं, आता नाही.
रूळ भंगारात गेले. स्लीपर नेले,
लिस्बनला कुणाच्या बागेत पायऱ्या झाल्यात म्हणे.
उरली खडी.
आणि मी."

दारावर निळ्या अक्षरांची पाटी अजून आहे:
मार्ग तात्पुरता बंद.
खालची तारीख वाचता येते.
त्या वर्षी मी चालायला शिकत होतो.

बस येते, मंगळवारी आणि शुक्रवारी,
शाळा असली तर.
उन्हाळ्यात इथे कुणी आजारी पडत नाही,
वेळापत्रकात बसत नाही ते.
डोंगरापलीकडे चौपदरी रस्ता झाला,
त्याला कुणी एवढं मोजत बसलं नाही.
मंत्री त्याच रस्त्यानं आले होते, पाच गाड्या,
पाचांचीही इंजिनं चालूच.
सन दोन हजार पन्नासबद्दल बोलले.
बाईंनी बोटांवर हिशेब केला:
"तेव्हा मी एकशे सात. येईन स्टेशनावर."

भिजत घोंगडं म्हणावं, तर
नदीतही भिजवण्यापुरतं पाणी नव्हतं.

मग गेल्या ऑगस्टचं सांगितलं, कोबीकडे बघतच.
निलगिरीची झाडं फटाक्यांसारखी फुटत होती.
रस्त्यावर गाडीमागे गाडी, सगळ्यांचे हॉर्न,
कुणालाच पुढे जागा नाही.
त्यांनी खुंटीवरचा हिरवा बावटा घेतला,
(का, ते सांगता येत नाही, सवय)
आणि खडीवरून चालायला लागल्या.
मागून अकरा माणसं, बेनिल्दाची शेळी.
खडी पेटत नाही.
बोगद्यात रात्रभर बसले.
सकाळी बाहेर आले तर डोंगर
कुणी कोळशानं काढून ठेवल्यासारखा.

माझ्या फॉर्मात एक रकाना होता:
अपेक्षित प्रवासी, दररोज.
मी लिहिलं, बारा.
थोडा वेळ थांबून लिहिलं, शेळी एक.
हे कार्यालयात कुणीतरी खोडेल, मला माहीत आहे.
कदाचित मीच, सोमवारी,
फाइल नीटनेटकी करताना.

निघताना त्यांनी विचारलं नाही
की काही होईल का.
एवढंच म्हणाल्या, "पाचव्याला सांग,
खुर्ची दुरुस्त करून ठेवते."

परतीचे दोनशे बारा किलोमीटर होते.
कार्यालयानं दिलेली गाडी, डिझेलची.
काचा वर केल्या तरी राखेचा वास आत येतच होता.
फाटकापाशी मी ब्रेक दाबला.
पस्तीस वर्षांत इथून गाडी गेलेली नाही.
तरी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.
आरशात त्या उभ्या होत्या, हातात गुंडाळलेला बावटा.
उघडतील म्हणून थांबलो.
मागून कुणी हॉर्न वाजवला.