बाकडं एकशे बारा

एवाल्ड म्हणतो, हा पाचवा.
दोन वर्षांत पाचवा प्रशिक्षक,
आणि कोट तोच, लांब, काळा,
जणू क्लबच देतो भाड्यानं.

आज पुन्हा तीन-शून्य.
आमचाच कॉर्नर, तो आमच्याच गोलकीपरकडे
परत आला पाच पासांत. मी मोजले.
नंतर माइकसमोर साहेब म्हणाले, मैदान जड होतं.
सायलेशियात मार्चमध्ये ते कधी हलकं असतं?
अंगण वाकडं, दुसरं काय.

बाबा खाणीतून थेट इथं यायचे,
पापण्यांत कोळसा तसाच,
तेव्हाही चिखलच होता,
आणि त्या चिखलातून रूडी पळायचा डावीकडून.

यंदाचा डावीकडचा जानेवारीत विकला.
त्या पैशांत अध्यक्षांनी
काचेची खोली बांधली पाहुण्यांसाठी, हीटरसकट.
जेवताना आमच्याकडे पाठ करून बसतात.

सत्तराव्या मिनिटाला एवाल्ड उठला.
मफलर बाकड्यावर पसरला,
मेलेल्याचं तोंड झाकावं तसा,
आणि गेला. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

मी शेवटपर्यंत बसलो.
का, ते विचारू नका.

मफलर घरी आणलाय.
चिंब आहे. रेडिएटरवर टाकलाय,
शनिवारच्या आत वाळायला हवा.