एकच आकडा

फळ्यावर रोज आमची नावं असत,
नावांपुढं किलो.
मासे सोलायच्या लांब टेबलाशी आम्ही सतराजण,
आणि ज्याची त्याची नजर शेजारच्याच्या ट्रेवर.
वितोल्द कायम पहिला.
लिगाया शेवटून पहिली. सुरी बोथट, बोटं गारठलेली,
धार लावायला उठावं तर किलो बुडतात.

एका मंगळवारी ह्रेफ्नानं फळा पुसला,
बाहीनंच.
मार्कर धरून उभी राहिली बराच वेळ.
वाटलं, आता भाषण.
तिनं एकच आकडा लिहिला, सगळ्यांचा मिळून,
हातमोजे चढवले
आणि लिगायाच्या पलीकडं येऊन उभी राहिली.
कॉडचे काटे काढण्यात बाई आमच्याहून ढ निघाली.
कुणीतरी हसलं. तीही.

त्या दिवशी आकडा पडला, खोटं कशाला सांगू.
बुधवारीही.

गुरुवारी सुट्टीत
सगळे कॉफीला गेले.
अकरा वाजत आलेले, तरी फ्योर्डवर जेमतेम उजाडलेलं.
वितोल्द एकटाच मागं राहिला,
दगडावर पाणी शिंपडून
एक सुरी घासत होता, सावकाश.

मुठीला गुलाबी चिकटपट्टी होती.
त्याची नव्हती ती.