चारशे बारा चमचे

चारशे बारा माणसं, दुपारचं एक जेवण,
माणशी ऐंशी शिलिंग.
त्यात गॅस धरलाय. ओकुमुचा पगार धरलेला नाही.
रविवारी रात्री पिठाच्या पोत्यावर बसून
मी आठवडा आखते.
सोमवारी गिथेरी, मका आणि घेवडा एकत्र शिजवून;
घेवडा आत्ताच भिजत घालायला हवा,
विसरलं तर उद्या गॅसच घेवड्याहून महाग पडेल.
मंगळवारी उगाली आणि सुकुमा.
बुधवारी ओमेना, बोटाएवढी वाळकी मासळी,
नव्या पोरी आधी तिची डोकी मोडतात, मग खातात.
गुरुवारी परत उगाली.
शुक्रवारी भात, आणि त्यात मांस दिसायला हवं,
नुसता वास नको.

सुकुमा म्हणजे ढकल.
आमच्याकडे या भाजीचं नावच 'आठवडा ढकल'.
नैवाशाच्या बाजारात मी जुडीमागे दोन शिलिंग ढकलते,
बाकीचं ती ढकलते.

बाहेर प्लास्टिकच्या छपराखाली गुलाब.
फेब्रुवारी आला की त्यांना झोप नाही, आम्हालाही नाही.
रात्रीच्या विमानानं फुलं जातात
जिथे मी कधी जाणार नाही अशा टेबलांवर,
आणि एका फुलाला तिथे काय पडतं
हे किप्तानुईनं एकदा सांगितलं होतं.
मी मनात ताटं मोजायला लागले,
मग थांबवलं. असा हिशेब जेवू देत नाही.

तर त्या आठवड्यात कचुंबरी परत यायला लागली.
टोमॅटो, कांदा, कोथिंबीर, मिरची, वर लिंबू.
कांदा नव्वदचा एकशे साठ झालेला,
तरी मी तो कापला नव्हता (म्हणजे कापला होता, यादीतून काढला नव्हता),
आणि बादलीत एकोणीस किलो.
ओकुमु म्हणाला, मीठ जास्त.
मीठ कमी केलं. अठरा किलो.
टोमॅटो बदलले. वीस.
ओकुमु म्हणाला, माजलेत.

मी ताट घेऊन मुंबुआच्या समोर बसले.
प्रतवारीच्या शेडमधली, सहा वर्षं
दांड्याची लांबी नजरेनं मोजणारी.
उगालीचा गोळा तिनं तीन बोटांत घेतला,
भाजीला लावला, खाल्ला.
कचुंबरीपाशी हात गेला आणि
निखाऱ्यावरून निघावा तसा मागे आला.
"आवडत नाही?"
"आवडते की."
तिनं तळवा उलटा केला.
काट्यांनी टोचलेली दहा बोटं,
हातमोजे असतात, पण गर्दीच्या दिवसांत
हातमोज्यांनी वेग जातो.
"लिंबू लागलं की," ती म्हणाली,
आणि पुढचं वाक्य तिनं पाण्यासोबत गिळलं.

हातातोंडाची गाठ पडावी म्हणून
मी चार वर्षं तोंडाचाच विचार करत होते.

बावीस शिलिंगांचा एक चमचा.
नऊ हजार चौसष्ट.
किप्तानुईनं चष्मा कपाळावर सरकवला.
"उगाली चमच्यानं? माझी आई ऐकेल तर..."
"उगाली हातानंच. कचुंबरी चमच्यानं."
"कुठल्या सदरात टाकू? भांडी संपलीत.
भाजीपाला तर तू केव्हाच संपवलास."
"प्रथमोपचार," मी म्हटलं.
तो हसला नाही. त्यानं पेनाचं टोपण काढलं,
प्रथमोपचाराच्या रकान्यात पट्ट्या, आयोडीन,
आणि त्यांच्याखाली, जरा तिरपं,
चमचे.

पहिल्या दिवशी बादलीत तीन किलो,
त्यातही देठंच जास्त.
मुंबुआनं दोनदा मागून घेतली,
वर म्हणाली, मिरची कमी पडलीय.

महिनाअखेरीला मोजले: तीनशे एकाहत्तर.
एक्केचाळीस चमचे कुणाकुणाच्या घरी गेले,
बहुतेक पोरांसाठी.
किप्तानुईनं विचारलं, शिल्लक?
मी म्हटलं, वापरात आहेत.
खोटं नव्हतं ते.

चल, घेवडा भिजत घालते.
उद्या सोमवार.